अपडेट मारायचं कुणी?

प्रति,
कामरेज, सरथाणा, वराछा भागात वेबसाइट बनवून देणारे व्यावसायिक, सुरतेत बसून जगभरासाठी प्लगिन लिहिणारे प्रोग्रॅमर आणि ज्यांच्या नावाने त्या वेबसाइट चालतात त्या संस्थांचे पदाधिकारी यांस,



फेब्रुवारी २०१४ मध्ये जर्मनीतल्या थीमपंच कंपनीने आपल्या ‘स्लायडर रेव्होल्युशन’ या वर्डप्रेस प्लगिनमधला एक दोष दुरुस्त केला. गाजावाजा न करता, गुपचूप. सप्टेंबरमध्ये सुकुरी या सुरक्षा कंपनीने तो दोष जाहीर केला, तोवर त्याचा गैरवापर सुरूही झाला होता. डिसेंबरमध्ये ‘सोकसोक’ नावाचं मालवेअर त्याच प्लगिनमधून वेबसाइटांत शिरू लागलं आणि एका रविवारी गुगलने अकरा हजारांहून जास्त डोमेन काळ्या यादीत टाकली.

म्हणजे औषध दहा महिने तयार होतं. ते पोहोचलं नाही, कारण हे प्लगिन अनेकांनी स्वतः विकत घेतलंच नव्हतं. त्यांनी थीम घेतली होती, आणि थीमच्या झिप फाइलमध्ये स्लायडर आयता आला होता. लायसन्स थीम बनवणाऱ्याच्या नावावर. त्यामुळे नवी आवृत्ती आल्याची सूचना वेबसाइटच्या मालकाला मिळायची नाही. कित्येकांना तर आपल्याकडे असं काही प्लगिन आहे हेच माहीत नव्हतं. प्लगिनवाला म्हणाला, थीमवाल्याने नवी आवृत्ती भरावी. थीमवाला म्हणाला, वेबसाइट बनवणाऱ्याने थीम बदलावी. वेबसाइट बनवणाऱ्याचं काम केव्हाच संपलं होतं, पैसेही मिळाले होते.

हे पत्र या शेवटच्या माणसाला आहे. त्याच्या आधीच्याला आणि नंतरच्यालाही आहे, पण जास्त करून त्याला.

मी कामरेजला राहतो आणि हॅक झालेल्या वेबसाइट साफ करून देतो. माझ्याकडे हिऱ्यांचे मोठे व्यापारी येत नाहीत, त्यांची माणसं त्यांच्याकडे असतात. माझ्याकडे येतात शाळा, नर्सिंग होम, साड्यांचे होलसेलवाले, हायवेवरची हॉटेलं, आणि उधना, लिंबायत, डिंडोलीकडची आपल्या खानदेशी लोकांची समाजमंडळं. या मंडळांची मला जास्त काळजी वाटते. पूर्वी वधू-वर सूचीची पुस्तिका छापून मेळाव्यात वाटायचे. आता ती वेबसाइटवर असते. मुलीचा फोटो, जन्मवेळ, शिक्षण, पगार, वडिलांचा मोबाइल, मामाचं गाव, सगळं त्यात. अशाच एका मंडळाचं नाव गुगलवर टाकलं की खाली ऑनलाइन सट्ट्याची पानं दिसत होती. सचिवांना पत्ता नव्हता. ते रोज थेट पत्ता टाकून साइट उघडायचे आणि ती धडधाकट दिसायची. शिरणाऱ्याने फक्त गुगलवरून येणाऱ्यालाच ती पानं दिसतील अशी सोय करून ठेवली होती. मी अपलोडचं फोल्डर उघडलं तर बायोडेटाच्या पीडीएफ तिथे तशाच पडलेल्या. ज्याला सट्ट्याची पानं घालता आली, त्याने या फाइली नेल्या का? सचिव मला पुन्हा पुन्हा हेच विचारत होते. ‘नाही नेल्या’ असं सांगायला माझ्याकडे काही आधार नव्हता, कारण त्या होस्टिंगवर जुने लॉग, म्हणजे कोण कधी येऊन काय उघडून गेलं याच्या नोंदी, उरलेलेच नव्हते.

आता मूळ दोष काय असतो ते पदाधिकाऱ्यांसाठी सांगतो. प्रोग्रॅमर मित्रांनीही हा भाग वगळू नये. आपल्या भागातला जो कोड माझ्यासमोर येतो, त्यावरून त्यांनाच त्याची जास्त गरज असावी असं दिसतं.

वर्डप्रेस, म्हणजे या साइट ज्यावर उभ्या असतात ती प्रणाली, पीएचपी भाषेत लिहिलेलं आहे. पीएचपीमध्ये ‘इन्क्लूड’ नावाची आज्ञा आहे. तिला फाइलचं नाव द्यायचं. ती फाइल उचलते आणि तिच्यात पीएचपी कोड असेल तर तो तिथल्या तिथे चालवते. प्लगिन बऱ्याच लहान फाइलींचं बनलेलं असतं, म्हणून ही आज्ञा पावलोपावली लागते. त्यात काही वावगं नाही. समजा गॅलरीचं एक प्लगिन आहे आणि त्यात फोटो तीन प्रकारे मांडता येतात: ग्रिड, लिस्ट, स्लायडर. कोणता प्रकार हवा ते पाहणाऱ्याच्या ब्राउझरकडून येतं. प्रोग्रॅमर घाईत असतो. आलेलं नाव तो जसंच्या तसं इन्क्लूडच्या हवाली करतो. ब्राउझरकडून ‘ग्रिड’ किंवा ‘लिस्ट’च येणार अशी त्याची समजूत असते. पण ब्राउझरकडून काय पाठवायचं हे समोरचा माणूस ठरवतो. दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ, ‘../’, याचा अर्थ एक फोल्डर वर जा. हे चार-पाच वेळा लिहिलं की प्लगिनच्या फोल्डरातून बाहेर पडून सर्व्हरवरच्या हव्या त्या फाइलकडे वळता येतं.

प्लगिन ती फाइल नुसती वाचून दाखवत असेल, तर पहिला बळी असतो डब्ल्यूपी-कॉन्फिग. डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड या फाइलीत उघड्या अक्षरांत लिहिलेले असतात. स्लायडर रेव्होल्युशनमध्ये हेच होत होतं. चित्र दाखवण्याच्या सोयीला चित्राऐवजी या फाइलीचं नाव दिलं की ती निमूटपणे काढून द्यायची. काटेकोर वर्गवारीत तो फाइल डाउनलोडचा दोष, इन्क्लूडचा नव्हे. पण दोन्हींचं मूळ एकच, परक्याने दिलेलं फाइलचं नाव खरं मानणं. माझ्याकडच्या कुठल्याही साइटचा लॉग आज उघडला तरी त्या जुन्या स्लायडरची चौकशी करणाऱ्या विनंत्या दिसतात, ज्या साइटवर तो स्लायडर कधी नव्हता तिथेसुद्धा. ‘आमच्या छोट्या साइटला कोण हॅक करणार’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तुम्हाला कुणी निवडलेलं नसतं. एक स्क्रिप्ट लाखो पत्त्यांवर तोच प्रश्न विचारत फिरते, आणि जिथे उत्तर मिळेल तिथे शिरते.

इन्क्लूडचा दोष याहून वाईट, कारण तिथे फाइल चालते. शिरणाऱ्याला फक्त आपला कोड सर्व्हरवर कुठेतरी नेऊन ठेवायचा असतो. नावनोंदणीच्या फॉर्ममधून चढवलेल्या फोटोच्या पोटात तो दडवता येतो. तेही नको असेल तर सर्व्हर स्वतःच्या लॉगमध्ये येणाऱ्याच्या ब्राउझरचं नाव लिहून ठेवतो; ब्राउझरच्या नावाऐवजी पीएचपीच्या दोन ओळी पाठवायच्या, सर्व्हर त्या प्रामाणिकपणे लॉगमध्ये उतरवून घेतो, आणि मग इन्क्लूडला त्याच लॉगचं नाव द्यायचं. संपलं. नावाला शेवटी ‘डॉट पीएचपी’ जोडलं की आपण सुरक्षित, असं मानणारेही भेटतात. जुन्या पीएचपीत एक शून्य अक्षर घालून ती शेपटी कापता यायची. ते २०१० च्या ५.३.४ आवृत्तीत बंद झालं. पण सर्व्हरवर ‘पेअर’सारख्या आधीपासून असलेल्या पीएचपी फाइली असतात, आणि विशिष्ट सेटिंग चालू असेल तर अशी एखादी फाइल भलत्या ठिकाणाहून चालवूनही ताबा मिळवता येतो.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फाइल ओढून आणून चालवण्याचा प्रकार मात्र आता जवळजवळ संपला आहे. पीएचपी ५.२ पासून, म्हणजे २००६ पासून, त्याचं सेटिंग मुळातच बंद असतं आणि ७.४ मध्ये ते कालबाह्य ठरवलं गेलं. भाषा बनवणाऱ्यांनी आपल्या हातातलं केलं. उरलेलं आपल्या हातात आहे.

प्लगिन लिहिणाऱ्यांनो, आता तुमच्याशी. सुरत, अहमदाबाद, राजकोट इथून प्लगिन विकणारी बरीच मंडळी आहेत, आणि त्यांचा कोड अशा देशांत चालतो ज्यांचा नकाशाही आपण पाहिलेला नसतो. याचा मला अभिमान आहे. म्हणूनच २०२२ च्या जानेवारीतली ‘एसेन्शियल ॲडऑन्स फॉर एलिमेंटर’ची गोष्ट सावकाश वाचा. दहा लाखांहून जास्त साइटवर बसवलेलं हे प्लगिन. ‘आणखी दाखवा’ बटण दाबल्यावर पुढचे लेख आणणाऱ्या भागात मांडणीच्या फाइलचं नाव बाहेरून येत होतं आणि थेट इन्क्लूड होत होतं. वाई यान म्यो थेट या संशोधकाने ते दाखवून दिलं. कंपनीने ५.०.३ ही आवृत्ती काढली आणि आलेल्या मजकुरावर वर्डप्रेसचं मजकूर साफ करणारं फंक्शन लावलं. उपयोग शून्य, ते फंक्शन एचटीएमएल टॅग वगैरे काढायला आहे, फोल्डर ओलांडणं थांबवायला नाही. मग ५.०.४ आली, फाइलचं नाव साफ करणारं फंक्शन लावून. तरीही वाट उरलीच. शेवटी ५.०.५ मध्ये फाइलचा खरा पूर्ण मार्ग काढून तो आपल्याच फोल्डरात आहे ना हे तपासायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे दार बंद झालं.

पहिल्या दोन वेळा त्यांनी घाण पाणी गाळायचा प्रयत्न केला. मुळात ते पाणी प्यायचंच कशाला, हा विचार उशिरा आला. मांडण्या तीनच असतील तर कोडमध्ये तीन नावांची यादी लिहा. आलेलं नाव यादीत असेल तर यादीतलं आपलं नाव इन्क्लूडला द्या, नसेल तर ग्रिड दाखवा आणि गप्प बसा. चार ओळींचं काम. बाहेरून आलेली अक्षरं इन्क्लूडपर्यंत पोहोचायलाच नकोत. आणि नॉन्स, म्हणजे विनंतीसोबत पाठवायचा सांकेतिक शब्द, लावला म्हणजे परवानगी तपासली असं समजू नका. नॉन्स पानाच्या सोर्समध्येच सापडतो. काम करणाऱ्याला ते काम करायचा अधिकार आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

हा दोष नवशिक्यांचा आहे असं वाटत असेल तर आणखी दोन नावं ऐका. डिसेंबर २०२३ मध्ये ‘शील्ड सिक्युरिटी’मध्ये लॉगिन न करता वापरता येणारा फाइल इन्क्लूजनचा दोष सापडला, पन्नास हजारांहून जास्त साइटवर ते होतं. मार्च २०२५ मध्ये ‘डब्ल्यूपी घोस्ट’मधला जाहीर झाला, ते दोन लाखांहून जास्त साइटवर. ही दोन्ही साइटचं रक्षण करायला बसवली जाणारी प्लगिनं! मी त्यांची टिंगल करत नाही. दोघांनीही कळल्यावर काही दिवसांत दुरुस्त आवृत्ती दिली. पॅचस्टॅक या कंपनीच्या मोजणीनुसार २०२४ या एका वर्षात वर्डप्रेसच्या जगात ७,९६६ नवे दोष नोंदले गेले, आणि त्यातले ९६ टक्के प्लगिनमधले होते. वर्डप्रेसच्या मूळ गाभ्यात बोटांवर मोजण्याइतकेच. दोष सापडणारच. लिहिणाऱ्याने पटकन दुरुस्त केला की त्याच्याबद्दलचा माझा राग संपतो.

मग रागावायचं कुणावर? वेबसाइट बनवून देणाऱ्या मित्रांनो, तुमच्यावर. म्हणूनच पत्राच्या मायन्यात तुम्ही पहिले आहात.

तुमच्यापैकी अनेकांचं तत्त्व मला तोंडपाठ आहे: ‘चाले छे ने? तो अडशो नहीं.’ चालतंय ना, मग हात लावू नका. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, प्लगिन आपोआप अपडेट होण्याची सोय आहे. साफसफाईला आलेल्या साइटवर मला ती बंद केलेली दिसते, कारण अपडेटनंतर डिझाइन हललं तर क्लायंटचा फोन येतो. मग जुन्या प्लगिनसाठी जुनं पीएचपी ठेवावं लागतं. पीएचपी ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली, तरी ती आवृत्ती अजून चालू असलेल्या साइट माझ्याकडे येतात. आणि जे प्लगिन थीमसोबत फुकट आलं, ते आपोआप अपडेट होतच नाही. त्याला लायसन्सची किल्ली लागते. ती कुणाकडे आहे? बहुतेक वेळा कुणाकडेच नसते, कारण थीम ‘नल्ड’ असते. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: पैसे देऊन घ्यायची थीम लायसन्सची तपासणी काढून फुकट वाटलेली. २०१९ मध्ये वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने ‘डब्ल्यूपी-व्हीसीडी’ या मालवेअरवर सविस्तर अहवाल दिला होता. त्याचा प्रसारच नल्ड थीम आणि प्लगिनमधून व्हायचा. थीमच्या फाइलीत एकच ओळ वाढवलेली असायची, तीही इन्क्लूडचीच. तिथे शिरायला कुणाला दोष शोधायची गरज नाही. शिरणाऱ्याला तुम्हीच घरात आणून बसवता, आणि क्लायंटकडून थीमचे पैसे घेता ते वेगळेच.

एएमसीबद्दल, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराबद्दल, तर बोलावंच लागेल. सुरतेचा विषय निघाला की मराठी माणसाला १६६४ आठवतं, त्याला इलाज नाही. शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा शहराचा मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडं पडलं. त्या प्रसंगाचं एक अंग कमी सांगितलं जातं. सैनिक ठेवण्यासाठी सरकारी खजिन्यातून पैसे येत होते, पण त्याने पुरेसे सैनिक ठेवलेच नव्हते, असं इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी लिहिलं आहे. एएमसीचंही तसंच आहे: तुमच्या बिलावर ‘मेंटेनन्स आणि सिक्युरिटी’ असं लिहिलेलं असतं. मी साइट उघडतो तर शेवटचं अपडेट साइट सुरू झाली त्या आठवड्यातलं. दर वर्षी होस्टिंग आणि डोमेनचे पैसे भरले जातात, एवढीच ती मेंटेनन्स.

तुमची बाजू मला समजते. क्लायंट सात हजारांत वेबसाइट मागतो, घासाघीस करून पाचवर येतो, आणि पुढे दहा वर्षं फुकट बदल करून मागतो. अपडेट करायचं म्हणजे आधी बॅकअप घ्यायचा, प्रत काढून तिच्यावर करून बघायचं, मग खऱ्या साइटवर करायचं. याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे होतात. हे सगळं खरं. मग तसं क्लायंटला सांगा. ‘अपडेट तुम्ही करायचं, मी करणार नाही’ असं कागदावर लिहून दिलं असतं तरी मी तुम्हाला दोष दिला नसता. तुम्ही लिहून देत नाही, आणि तो धरून चालतो की तुम्ही करता.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला माहीत असायलाच हवी. एखाद्या प्लगिनचा दोष मालक दुरुस्त करत नसेल तर वर्डप्रेस ते प्लगिन आपल्या डिरेक्टरीतून काढून टाकतं. ज्यांच्या साइटवर ते आधीच बसलेलं आहे, त्यांच्या डॅशबोर्डवर मात्र त्याबद्दल काहीच येत नाही. नवी आवृत्ती नाही, लाल अक्षरं नाहीत, सगळं शांत. डॅशबोर्डवर अपडेट दिसत नाही म्हणजे सगळं ताजं आहे, असं होत नाही. ते प्लगिन बेवारस झालेलं असू शकतं. महिन्यातून एकदा प्रत्येक प्लगिनचं पान उघडून शेवटचं अपडेट कधीचं आहे हे डोळ्यांनी बघणारा माणूस लागतो.

तो माणूस कोण, हे संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी ठरवायचं. अध्यक्षसाहेब, सचिवसाहेब, वेबसाइट बनवणारा पोरगा हुशार आहे, आपल्या ओळखीतला आहे, हे ठीक. पण डोमेन कुणाच्या नावावर आहे? होस्टिंगचं लॉगिन कुणाकडे आहे? पोराने उद्या सुरत सोडून पुण्याला नोकरी धरली तर तुम्हाला स्वतःच्या साइटमध्ये शिरता येईल का? मी ज्यांच्या साइट साफ केल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांना या प्रश्नांची उत्तरं शोधायलाच दोन दिवस लागले. तेवढ्यात सट्ट्याची पानं आणखी वाढली.

काही गोष्टी तर पैसे न घालता होतात. वापरात नसलेलं प्लगिन काढून टाका. नुसतं बंद करू नका. बंद केलेल्या प्लगिनच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात आणि बाहेरून त्यांना हाक मारता येते. प्रवेशअर्जाबरोबर चढवलेल्या आधारच्या प्रती काम झाल्यावर तिथून हलवा. वधू-वर सूचीवाल्यांना माझी हात जोडून विनंती: मुलीचं लग्न होऊन तिचं लेकरू बालवाडीत गेलं तरी तिचा बायोडेटा साइटवर असतो. नोंदणी करून घ्यायला तुमच्याकडे चार कार्यकर्ते आहेत, काढून टाकायला एकही नाही.

हे केवळ छोट्यांच्या बाबतीत घडतं असं नाही. जून २०२२ मध्ये ठाणे शहर पोलिसांची वेबसाइट हॅक झाली होती. मे २०२४ मध्ये गोवा, कर्नाटक, बिहार यांसह अनेक राज्यांच्या सरकारी पत्त्यांवरचे दुवे सट्ट्याच्या साइटवर नेत असल्याच्या बातम्या आल्या. सरकारी साइटला सुरू होण्याआधी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यावी लागते, तरी ही अवस्था. आपल्याला तर ती तपासणीही नाही.

कायदा आपल्याला लागू नाही, या भ्रमातही कुणी राहू नये. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला दिलेल्या निर्देशांत वेबसाइटमध्ये शिरकाव, तिचं रूप बदलणं, तिच्यात घातक कोड किंवा बाहेरचे दुवे घुसवणं या सगळ्या घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत, आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. हे कंपन्या आणि सेवा पुरवणारे यांच्यासाठी आहे. तुमची एजन्सी त्यात येते. आजवर कळवलेल्या एजन्सीला मी भेटलेलो नाही. कळवलं तर आपणच अडकू ही भीती असते, म्हणून साइट पुसून जुना बॅकअप चढवतात, आणि त्या बॅकअपमध्ये तेच जुनं प्लगिन असतं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. त्यात आता वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. डेटा जपण्यासाठी वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. समाजमंडळावर एवढा दंड बसेल असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या मुलींचे फोन नंबर बाहेर गेले त्यांना तक्रार करायला आता जागा असेल, आणि तेव्हा पहिला प्रश्न विचारला जाईल: हे सांभाळायची जबाबदारी कुणाची होती?

माझी मागणी त्या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून ठेवण्याची आहे, बाकी काही नाही. वेबसाइट सोपवताना एक पान द्या. त्यावर प्रत्येक प्लगिनचं आणि थीमचं नाव, ते कुठून आणलं, लायसन्स कुणाच्या नावावर आणि कधीपर्यंत. डोमेन आणि होस्टिंगचं लॉगिन संस्थेच्या ईमेलवर. बॅकअप कुठे ठेवला जातो. आणि सुरक्षेचं अपडेट आल्यावर ते कोण, किती दिवसांत लावणार. नाव माणसाचं लिहा, एजन्सीचं नको. खाली दोघांच्या सह्या. एएमसी घेत असाल तर दर तीन महिन्यांनी काय काय अपडेट केलं त्याची यादी बिलासोबत जोडा. ती जोडता येत नसेल तर बिलातून ‘सिक्युरिटी’ हा शब्द काढा. आणि पदाधिकाऱ्यांनो, असं पान देणाऱ्याचा भाव दोन हजारांनी जास्त असेल, तर त्यावरून घासाघीस करू नका.

या पानाचा मसुदा मी मराठीत आणि गुजरातीत तयार करून ठेवला आहे. ज्याला हवा त्याने न्यावा, त्यावर स्वतःच्या एजन्सीचं नाव छापावं, माझी काही हरकत नाही. दिवाळीची सुट्टी संपून लाभपाचमेला ऑफिसं उघडतात, तेव्हा आपल्याकडे बहुतेकांच्या एएमसीची नवी बिलं निघतात. यंदा ती बिलं निघण्याआधी हे पान भरून व्हावं, अशी विनंती आहे. ज्यांच्या साइटवर वधू-वर सूची आहे त्यांनी तेवढंही थांबू नये.

आपला,
कामरेजचा एक वेबसाइट-दुरुस्तीवाला